इटली: विमानाची तारीख बदलली, पुढची बुकिंगं कोलमडली. मदत हवी आहे (तातडीची)

घाईगडबड
विमान कंपनीचा मेल आलाय, तारीख बदलली. रोमची सगळी बुकिंगं आधीच्या तारखेची आहेत. आता सगळं एक दिवस पुढे सरकवायचं म्हणतोय. कोलोसियम, व्हॅटिकन, ट्रेन, उफ्फिझी म्युझियम या सगळ्यांच्या तारखा ऑनलाइन बदलतात का? कुठे क्लिक करायचं तेवढं सांगा. आज रात्रीच करून टाकायचंय.

रेल्वेवेडा
कुठल्या तारखा? कुठून कुठे? ट्रेनचं तिकीट कुठल्या दरातलं: बेस, इकॉनॉमी की सुपर इकॉनॉमी? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

काटेकोर
आणि मेलमधलं 'मान्य आहे' बटण दाबलंत का? दाबलं नसेल तर थांबा. ते दाबलं की नवं वेळापत्रक तुम्ही स्वीकारलं असं धरतात आणि दुसरं विमान मागायची बाजू लंगडी पडते. तिकीट कंपनीच्या साइटवरून काढलंय की एजंटाकडून तेही लिहा. एजंटाचं असेल तर कंपनी हात लावत नाही, त्याच्याकडेच पाठवते.

घाईगडबड
बटण दाबलेलं नाही. तिकीट कंपनीच्या साइटवरून. १५ ऑक्टोबर गुरुवारी सकाळी रोम होतं, आता १६ला शुक्रवारी रात्री १०:५० ला पोचतोय. कोलोसियम शुक्रवारी, व्हॅटिकन शनिवारी ९:३०. रविवारी दुपारी १२ची ट्रेन फ्लॉरेन्सला, त्याच दिवशी ४ वाजता उफ्फिझी. मग ट्रेनने व्हेनिस, परतीचं विमान तिथूनच. दोन्ही ट्रेन सुपर इकॉनॉमी. आता कुठे क्लिक करू?

रेल्वेवेडा
कुठेच नको. सुपर इकॉनॉमीत तारीख बदलत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. इकॉनॉमी असतं तर सुटण्याआधी एकदा फरक भरून बदलता आलं असतं. बेसमध्ये हवं तितक्यांदा बदलता येतं आणि रद्द केलं तर २० टक्के कापतात. तुमचं तिकीट आहे त्याच गाडीला चालेल. पण मुळात ती गाडी बदलायचीच कशाला? रविवारी दुपारी तुम्ही रोममध्येच असणार ना?

गोदाकाठ
हेच लिहायला आले होते. एक दिवस सगळं पुढे ढकलाल तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्याल. व्हॅटिकन शनिवारवरून रविवारी गेलं, तर व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद. फ्लॉरेन्स रविवारवरून सोमवारी गेलं, तर उफ्फिझी सोमवारी बंद. अकादेमिया म्युझियमही सोमवारी बंद, म्हणजे मायकेलअँजेलोचा डेव्हिडही नाही. आहे त्या तारखांना हात न लावता पाहा: गेलं फक्त कोलोसियम आणि हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

उंटावरचा_शहाणा
रविवारी कोलोसियम फुकट असतं. रविवारी सकाळी करा की.

गोदाकाठ
फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी. १८ तारीख तिसरा रविवार आहे. पहिल्या रविवारीही आगाऊ तिकीट नसतं, रांगेतच उभं राहावं लागतं.

उंटावरचा_शहाणा
व्हॅटिकनही रविवारी फुकट असतं असं वाचलंय.

गोदाकाठ
तो शेवटचा रविवार, म्हणजे २५ तारीख, आणि तोही दुपारी २ पर्यंतच. त्या दिवशी हे इटलीत नाहीत. सरकारी म्युझियमांचा पहिला रविवार आणि व्हॅटिकनचा शेवटचा, यांत दर वेळी गल्लत होते, कारण व्हॅटिकन इटलीच्या सरकारचं नाहीच.

घाईगडबड
बरं, मग कोलोसियमचं काय? चार तिकिटं आहेत, वाया घालवू?

गोदाकाठ
वाया गेली असंच धरा. २०२३च्या ऑक्टोबरपासून ती तिकिटं नावावर असतात, वेळही ठरलेली. तारीख बदलून देत नाहीत. नवी काढा. अधिकृत साइटवर तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, म्हणजे तुमचा शनिवार उघडून गेलाय, आजच बघा. २४ तासांचं साधं तिकीट १८ युरो. १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण तिकीट त्यांच्याही नावाचं लागतं. शनिवारी दुपारी साडेतीननंतरची वेळ घ्या. व्हॅटिकनमधून एक-दीडपर्यंत बाहेर याल, ओत्ताव्हियानो स्टेशनवरून मेट्रोची ए लाइन, तेर्मिनीला (रोमचं मुख्य स्टेशन) बी लाइन, कोलोसेओला उतरा. त्या तिकिटात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडी, येतं आणि ते २४ तास चालतं, म्हणून फोरम रविवारी सकाळी. बाराच्या गाडीसाठी साडेदहाला तिथून निघालात तरी चालेल. नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असेल तर तेही. दारावर पासपोर्ट बघतात.
शनिवार संपला असेल तर परवानाधारक गाइडबरोबरच्या फेऱ्यांकडे वेगळा कोटा असतो, पैसे जास्त पडतील.

शेंगदाणा
माझं मत वेगळं आहे. विमान कंपनीनेच तारीख बदललीय तर त्यांच्याकडून फुकटात व्हेनिसचं तिकीट मागून घ्या आणि दौरा उलटा करा: व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. शेवटी रोम असलं की कोलोसियमला वेळच वेळ. शहाणे लोक उत्तरेतूनच खाली येतात.

रेल्वेवेडा
आणि दोन्ही सुपर इकॉनॉमी गाड्या, तीन हॉटेलं, उफ्फिझी, व्हॅटिकन असं सगळं नव्याने काढायचं? एक बुकिंग वाचवायला सात जाळायची? उलटा दौरा बुकिंगं करण्याआधी सुचवायचा असतो.

शेंगदाणा
हॉटेलवाल्यांना फोन केला तर ऐकतात. प्रयत्न न करताच नाही कशाला म्हणायचं?

रेल्वेवेडा
परतावा नसलेल्या दरात घेतलेली खोली कशी ऐकते बघूच.

काटेकोर
भांडण बाजूला ठेवा. धागाकर्ते, परतीचं विमानही बदललंय का? आणि मध्ये कुठे विमान बदलायचं आहे? कंपनी युरोपातली आहे का?

घाईगडबड
परतीचंही बदललंय, व्हेनिसहून २२ऐवजी २४ला, शनिवारी. ते बरंच झालं, एक दिवस जास्त मिळतोय. कंपनी युरोपातलीच, जाताना-येताना जर्मनीत बदल. जाताना मध्ये १ तास ५ मिनिटं. व्हिसा ६ नोव्हेंबरपर्यंत आहे, तो प्रश्नच नाही. कृपया विषयावर बोला.

काटेकोर
विषय हाच आहे. व्हिसाच्या स्टिकरवर 'पासून-पर्यंत'च्या शेजारी मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात. किती आहेत?

घाईगडबड
०८. आम्ही ७ रात्रीच राहणार होतो.

काटेकोर
मग २४ला निघता येणार नाही. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण मोजतात. १५ ते २२ म्हणजे बरोबर ८. नव्या तारखा १६ ते २४ म्हणजे ९. शुक्रवारी रात्री पोचलात तरी तो अख्खा दिवस धरला जातो.

उंटावरचा_शहाणा
उगाच घाबरवू नका हो. म्हणूनच तर व्हिसाच्या मुदतीत १५ दिवसांची सवलत दिलेली असते. ६ नोव्हेंबरपर्यंत राहता येतं.

काटेकोर
नाही. ते १५ दिवस प्रवास पुढेमागे सरकवायला असतात, मुक्काम वाढवायला नसतात. ६ नोव्हेंबरपर्यंत कधीही जा, राहायचं ८ दिवसच. आता हाताने शिक्के मोजायचे दिवसही गेले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या हद्दीवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात झालीय, जास्तीचा दिवस यंत्रच दाखवतं. एका दिवसासाठी दंड आणि पुढच्या व्हिसाला अडचण कोण ओढवून घेईल? दिलेल्या स्टिकरवर दिवस वाढवून मिळत नाहीत. तिथे गेल्यावर मुदतवाढ मिळते ती अचानक आलेल्या संकटासाठी. तीन आठवडे आधी कळलेलं वेळापत्रक त्यात बसत नाही.

घाईगडबड
अरे देवा. मग करू काय?

काटेकोर
कंपनीला आजच लिहा. युरोपीय संघाचा विमानप्रवाशांच्या हक्कांचा २६१/२००४ नियम तुम्हाला लागू आहे, कारण कंपनी युरोपातली आहे. (बाहेरची असती तर फक्त परतीच्या प्रवासाला लागला असता.) १४ दिवसांहून आधी कळवल्यामुळे भरपाई मिळणार नाही, ती आशा सोडा. पण उड्डाण रद्द करून दुसऱ्या दिवशीचं दिलं असेल, तर पैसे परत किंवा दुसरं विमान यातलं एक निवडायचा हक्क तुमचा आहे, आणि दुसरं विमान जागा असेल तर तुमच्या सोयीच्या तारखेचंही मागता येतं. पत्रात एवढंच मागा: जाणं मूळ तारखेला दुसऱ्या मार्गाने, ते शक्य नसेल तर परत येणं फार तर २३ला, शुक्रवारी. १६ ते २३ म्हणजे ८ दिवस, बसतं. व्हिसाच्या स्टिकरचा फोटो जोडा आणि ८ दिवसांचा मुद्दा पहिल्याच ओळीत लिहा. फोनवर बोलणं झालं तरी मेलवर लेखी घ्या.
२३चं तिकीट घेताना जर्मनीतून निघायची वेळ बघा. बाहेर पडल्याची नोंद व्हेनिसला होत नाही, शेंगेनच्या शेवटच्या विमानतळावर होते. तिथली पासपोर्ट तपासणी रात्री १२ नंतर होत असेल तर २४ तारीख लागली.

गोदाकाठ
वा, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. धागाकर्ते, प्रवास विम्याच्या तारखाही बदलून घ्या. किमान ३०,००० युरोचं संरक्षण राहण्याच्या सगळ्या दिवसांसाठी लागतं, आणि तुमची पॉलिसी २२ला संपत असणार.

काटेकोर
आणि ते १ तास ५ मिनिटं. जाताना इमिग्रेशन जर्मनीत होणार, रोमला नाही. पहिल्यांदाच ठसे-फोटो द्यायचे असतील तर रांग हळू सरकते. त्यातून पुढचं विमान वेगळ्या भागातून. बरोबर कोणी वयस्कर आहे का?

घाईगडबड
आई आहे, ७१. व्हीलचेअर लागते. ते सांगायचं राहिलं.

काटेकोर
व्हीलचेअर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा, प्रत्येक टप्प्यासाठी. आणि बदलाला दोन-अडीच तास असलेलं विमान मागा, त्याच पत्रात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्याने पुढचं चुकलं तर त्यांनाच बसवून द्यावं लागेल, पण मग रोमला शनिवारी सकाळी पोचाल आणि ९:३०चं व्हॅटिकन गेलं.

मावळतीचा_प्रवासी
व्हेनिसला दिवसाचं प्रवेशशुल्क भरायला विसरू नका, ५ युरो, उशिरा भरलं तर १०. क्यूआर कोड जवळ ठेवा.

गोदाकाठ
ते एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी असतं, ऑक्टोबरमध्ये नाही. शिवाय मुक्कामाला राहणाऱ्यांना ते भरावं लागत नाही.

मावळतीचा_प्रवासी
माहिती असलेली बरी. तसंच गाडी भाड्याने घेणार असाल तर शहरांच्या मध्यभागी गाड्यांना बंदी असलेले, कॅमेरे लावलेले विभाग असतात, फ्लॉरेन्सला विशेष. दंड घरी येतो.

रेल्वेवेडा
ते ट्रेनने जाताहेत.

मावळतीचा_प्रवासी
सर्वांसाठी लिहिलं.

घाईगडबड
रोमच्या हॉटेलचं विचारायचं होतं. गुरुवारची रात्र रद्द करून शुक्रवारपासून बुकिंग करू का? साइटवर तसा पर्याय दिसतोय.

गोदाकाठ
तो पर्याय दाबला की आख्खं बुकिंग रद्द करून आजच्या भावाने नवं होतं. नको. साइटच्या संदेशपेटीतून लिहा: गुरुवारी येत नाही, शुक्रवारी मध्यरात्री येतोय, खोली ठेवा. हे न कळवता पहिली रात्र गैरहजर राहिलात तर काही हॉटेलं पुढच्या रात्रीही सोडून देतात. उत्तर लेखी येईपर्यंत पाठ सोडू नका. छोटं गेस्टहाउस असेल तर रात्री काउंटरला कोणी नसतं. किल्ली कोण देणार आणि उशिराचे किती घेणार ते विचारा. शहराचा कर वेगळा असतो, तीन-ताऱ्यांच्या हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो.

रेल्वेवेडा
१०:५०ला उतरून सामान येईपर्यंत साडेअकरा. फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनीची लिओनार्दो एक्सप्रेस (३२ मिनिटं, १४ युरो) तोवर बंद झालेली असेल. चौघं आणि व्हीलचेअर, टॅक्सीच करा. रोमच्या जुन्या तटबंदीच्या, म्हणजे ऑरेलियन भिंतीच्या आतलं हॉटेल असेल तर ठरलेला दर ५५ युरो, सामानासकट. रांगेतली पांढरी टॅक्सी घ्या, आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. शुक्रवार हा तिकडे संपाचा आवडता वार आहे. संपाची सूचना कायद्याने १० दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा ६ तारखेपासून परिवहन मंत्रालयाची यादी बघत राहा. रविवारची ट्रेन संपात सापडली तर सुपर इकॉनॉमी असूनही, गाडी सुटण्याआधी रद्द केलंत तर पूर्ण पैसे मिळतात.

शेंगदाणा
चला, म्हणजे परतावा मिळूच शकतो तर.

रेल्वेवेडा
संप झाला तर. तुमच्या उलट्या दौऱ्यासाठी संप घडवून आणायचा का?

उंटावरचा_शहाणा
अवांतर: आई शाकाहारी असतील तर पार्मेजान चीज टाळा. त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं.

घाईगडबड
आई शाकाहारी आहे, हे कामाचं निघालं. बाकी: कोलोसियम शनिवारी ३:४५ ची चार मिळाली. हॉटेलचं उत्तर आलं, खोली ठेवतायत, १२ नंतर आलात तर ३० युरो जास्त म्हणे. कंपनीला मेल टाकलाय, स्टिकरचा फोटो जोडून.

काटेकोर
दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा. तोवर ते बटण दाबू नका.

घाईगडबड
उत्तर आलं. १५ला जागा नाही म्हणतात. जाताना १६लाच, पण सकाळचं आधीचं विमान, जर्मनीत बदलाला २ तास ४० मिनिटं, रोम संध्याकाळी ७:२०. परत २३ला, जर्मनीतून दुपारी ३ला सुटतं. घेऊ ना?

काटेकोर
घ्या. नवं ई-तिकीट आल्यावर आईची व्हीलचेअर दोन्ही दिवसांना परत नोंदली गेलीय का ते तपासा, तिकीट बदललं की ती मागणी बऱ्याचदा पुढे जात नाही.

रेल्वेवेडा
७:२० म्हणजे लिओनार्दो एक्सप्रेस मिळेल. तरी चौघांचे ५६ युरो होतात आणि टॅक्सी ५५. आता तुम्हीच ठरवा.

गोदाकाठ
हॉटेलला नवी वेळ कळवा, ते ३० युरो वाचतील. व्हेनिसचं हॉटेल एक रात्र वाढवा, तेही वेगळं बुकिंग करून, आधीच्याला हात न लावता.

मावळतीचा_प्रवासी
व्हेनिसचा विमानतळ मार्को पोलोच आहे ना? त्रेव्हिझोचा विमानतळही व्हेनिसच्याच नावाने विकतात.

घाईगडबड
मार्को पोलो. बघून आलो.