क्राउड की मॉब?

क्राउड आणि मॉब दोन्ही म्हणजे गर्दीच, मग कुठलाही वापरला तर काय बिघडतं, असा प्रश्न आलाय. बिघडतं, आणि बरंच! मॉब हा 'मोबिले वल्गस' या लॅटिन शब्दप्रयोगाचा १७व्या शतकात झालेला संक्षेप. अर्थ चंचल, पटकन बिथरणारा जमाव. ती बदनामी त्याला अजून चिकटून आहे. रांगेत शांतपणे उभ्या असलेल्या लोकांना बातमीत मॉब म्हटलं, की वाचकाच्या डोळ्यांसमोर त्यांच्या हातात दगड येतात. हा त्या लोकांवर चक्क अन्याय आहे. तिथे क्राउडच लिहावं.

बाकी नाटकाला ऑडियन्स, क्रिकेटच्या मैदानावर स्पेक्टेटर्स. तीच मॅच घरी टीव्हीवर बघणारे मात्र व्ह्यूअर्स. आणि चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले, ते काँग्रिगेशन.