मरीनर्सचे पाच पिचर: बेसबॉलचं रोटेशन बांधतात तरी कसं?

बॉथेलची_आई

नमस्कार मंडळी. क्रिकेटवर वाढलेल्या बाईचा बेसबॉलवरचा प्रश्न आहे, सांभाळून घ्या.

मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) पिचिंग करतो, म्हणजे आपल्या भाषेत बॉलिंग. त्याच्यामुळे आमच्या घरात सिअॅटलचे मरीनर्स शिरले. त्याला लोगन गिल्बर्ट प्रत्यक्ष बघायचा होता म्हणून महागातली तिकिटं काढली, तर त्या दिवशी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) लुईस कास्टिओ! कास्टिओनं छानच टाकलं, पण लेकाचं तोंड पडलं ते पडलंच. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी सांगितलं की पाच जणांची पाळी लावलेली असते, तिलाच रोटेशन म्हणतात, कोणी मधे घुसत नाही.

तेवढं समजलं. पण हे पाच जण कोण, हे टीम ठरवते कशी? पैसेवाल्या टीमनं पाच मोठी नावं विकत आणली की झालं, असं का होत नाही? आणि २०२४ मध्ये ऑफिसात जो तो म्हणत होता की आपलं रोटेशन लीगमध्ये सगळ्यांत भारी. मग प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) का नाही गेलो? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

किंगडोमकाका

ताई, प्रश्न झकास आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी पाचच का, ते उरकू. सीझनमध्ये १६२ सामने, सहा महिन्यांत. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, एका दिवशी नव्वद-शंभर चेंडू टाकतो, त्यातले बरेचसे ताशी ९५ मैलांच्या आसपास. मग चार दिवस हात सावरायचा आणि पाचव्या दिवशी परत माउंडवर. पूर्वी चौघांवर भागायचं. १९७१ च्या बाल्टिमोर ओरिओल्समध्ये मॅकनॅली, क्वेयार, पामर आणि डॉब्सन या चौघांनीही त्या सीझनला वीस-वीस सामने जिंकले होते. त्याच दशकात पाचांची पद्धत रुळत गेली. जपानमध्ये स्टार्टर आठवड्यातून एकदाच टाकतो. तुमच्या पोराच्या लीगमध्येही हिशेब तोच: ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडू, आणि ६५ च्या वर गेला की चार दिवस पिचिंग बंद. कोच नियम पाळतो की नाही, यावर मात्र डोळा ठेवा. आईबापच 'अजून एक इनिंग टाकू दे' म्हणून गळ घालतात, हे मी मैदानावर पाहिलंय.

आता खरं सांगतो. बाहेरचे लोक पाच मोजतात. टीम चालवणारा आठ-नऊ मोजतो. पंगतीत पाचशे पानं म्हटली की जाणता आचारी सहाशेचा शिधा काढतो, तसं आहे हे. कोणाचं तरी कोपर दुखणार, कोणाचा तरी खांदा जाणार, हे मार्चमध्येच धरून चालायचं. फक्त कोणाचा, ते माहीत नसतं.

२०२३ चा आपलाच सीझन घ्या. रॉबी रे, २०२१ च्या अखेरीस साडेअकरा कोटी डॉलरचा करार करून आणलेला, टोरोंटोकडून साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकून आलेला. सीझनच्या पहिल्याच स्टार्टमध्ये हात गेला आणि त्याचं वर्ष संपलं. त्याच्या जागी आलेला ख्रिस फ्लेक्सन मार खात राहिला. तेव्हा आर्कान्साच्या डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) टीममधून ब्राइस मिलरला उचलला, मधली ट्रिपल-ए ची पायरी गाळून. २ मे, ओकलंड. पोरानं सहा इनिंग टाकल्या, दहा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एक वॉक (चार बाहेरचे चेंडू टाकून बॅटरला फुकटचा बेस) नाही. पहिल्या पाच इनिंगमध्ये एक माणूस बेसवर पोचला नाही! महिन्याभरात मार्को गोन्झालेस बसला, त्याच्या जागी ब्रायन वू, तोही थेट डबल-ए मधून. टेक्सासनं त्याला पहिल्या दिवशी दोन इनिंगमध्ये धुऊन काढला. तरी पुढच्या पाळीला चेंडू परत त्याच्याच हातात दिला. मला विचाराल तर आजचं रोटेशन त्या दोन निर्णयांत उभं राहिलं. रेचा करार झाला तेव्हा गावभर फटाके उडाले होते, मिलर-वू आले तेव्हा पेपरात चार ओळी.

मग ही पोरं आली कुठून? सगळी ड्राफ्टमधून (टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातून), आणि बहुतेक नाव न ऐकलेल्या कॉलेजांतून. गिल्बर्ट स्टेटसनचा, २०१८ मध्ये चौदावा. जॉर्ज कर्बी इलॉनचा, २०१९ मध्ये विसावा. मिलर २०२१ ला चौथ्या फेरीत. वू त्याच वर्षी सहाव्या फेरीत, आणि वूची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कॅल पॉलीमध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितका चांगला) सहाच्या वर, शिवाय नुकतंच कोपराचं ऑपरेशन झालेलं. कागद बघून कोणी दारात उभा केला नसता. पण मरीनर्सच्या लोकांनी त्यानं किती रन दिले हे न पाहता त्याचा फास्टबॉल कसा येतो ते पाहिलं.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. डावीकडच्या आउटफिल्डमागे बुलपेन (पिचर हात गरम करतात आणि बदली पिचर बसतात ती जागा) आहे, लोक अगदी कठड्याला टेकून उभे राहतात. सामन्याच्या अर्धा तास आधी तिथे जा. वू हात फार वर नेत नाही, चेंडू तिरका, खालच्या उंचीवरून सुटतो आणि सपाट येतो. बॅटरला वाटतं तो बुडणार, म्हणून बॅट खालून जाते आणि चेंडू वरून निघून जातो. गिल्बर्ट अगदी उलटा: साडेसहा फुटांचा गडी, पाऊल इतकं लांब टाकतो की चेंडू बॅटरच्या अंगावर आल्यावरच सुटल्यासारखा वाटतो. पोराला ते पाऊल कुठे पडतं ते बघायला सांगा, वेगाच्या पाटीकडे नको.

दोघांत सारखं काय, तर वॉक देत नाहीत. हाच या टीमचा खरा धर्म. कर्बीनं २०२३ मध्ये १९० इनिंग टाकून वॉक दिले फक्त १९. वूनं २०२४ मध्ये १२१ इनिंगमध्ये १३. वॉक नाही म्हणजे एका इनिंगला चेंडू कमी लागतात, सहावी-सातवी इनिंग गाठता येते आणि बुलपेनच्या पोरांना त्या दिवशी पाय पसरून बसता येतं. गिल्बर्टनं २०२४ मध्ये २०० च्या वर इनिंग टाकल्या, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. त्याचा फायदा दुसऱ्या दिवशीच्या पिचरला होतो, पण स्कोअरकार्डात तो कुठे लिहिलेला नसतो. आणि आपलं मैदानही साथ देतं. गार हवेत चेंडू लांब जात नाही, त्यामुळे पिचर बिनधास्त स्ट्राइक झोनमध्ये टाकतात. डेन्व्हरच्या उंचावरच्या विरळ हवेत असं करून बघा म्हणावं!

राहिला पैसा. खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर सहा वर्षं टीमच्या ताब्यात असतो, आणि पहिली तीन वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास. २०२४ मध्ये तो आकडा ७ लाख ४० हजार डॉलर होता. कर्बी, मिलर, वू तिघेही तेव्हा त्याच टप्प्यात. म्हणून कास्टिओ परवडला. त्याला २०२२ च्या जुलैमध्ये सिनसिनाटीकडून घेतला तेव्हा नोएल्वी मार्टे, एडविन अरोयो आणि आणखी दोन पोरं दिली, वर पाच वर्षांचे १० कोटी ८० लाख. घरचे चार स्वस्त असले की पाचव्यावर असा हात सैल सोडता येतो. पाचही विकत घ्यायचे म्हटलं तर बॅटिंगला काही उरत नाही.

अटलांटाची_सून

काकांशी बरंचसं सहमत, पण 'घरचे ते चांगले' एवढ्यावर थांबू नका.

माझे सासरे ब्रेव्ह्जचे जुने भक्त, त्यामुळे आमच्याकडे नव्वदचं दशक अजून चालू आहे. त्या रोटेशनमध्ये टॉम ग्लॅव्हिन ड्राफ्टमधला, जॉन स्मोल्ट्झ ट्रेडमधला (खेळाडूंच्या अदलाबदलीत आलेला), ग्रेग मॅडक्स विकत घेतलेला. तिन्ही दारं उघडी ठेवली होती. स्मोल्ट्झ १९८७ मध्ये डेट्रॉइटकडून आला, डॉयल अलेक्झांडरच्या बदल्यात. अलेक्झांडरनं तिथे जाऊन ओळीनं नऊ सामने जिंकून दिले, डेट्रॉइटनं डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली. तेव्हा हसत होते ते लोक. मॅडक्सला १९९२ च्या डिसेंबरात पाच वर्षांसाठी २ कोटी ८० लाखांना घेतला आणि त्यानं पुढचे तीन साय यंग ओळीनं इथे जिंकले. पैसे देऊन आणायचा तर असा आणावा.

आणखी एक, जे काकांनी सोडलं: कोच. लिओ मॅझोनी आपल्या पिचरांना दोन स्टार्टच्या मधल्या दिवसांत एकदा नाही, दोनदा टाकायला लावायचा, पण हलक्या हातानं. बाकी टीम एकदाच करायच्या. हात सरावात राहायचा, नियंत्रण सुटायचं नाही. ग्लॅव्हिनकडे वेग नव्हताच. बाहेरच्या कोपऱ्यावर तोच तो चेंडू, बॅटर वैतागेपर्यंत. १९९५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (सीझनच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात त्यानं आठ इनिंगमध्ये एक हिट दिला आणि सामना १-० नं जिंकला.

तरीही ओळीनं चौदा डिव्हिजन आणि वर्ल्ड सिरीज एकच. सासऱ्यांसमोर हा विषय काढायचा नसतो.

अर्व्हाइनकर

पैशानं होत नाही म्हणता? या आमच्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे.

यामामोटो बारा वर्षांचे साडेबत्तीस कोटी. स्नेल पाच वर्षांचे १८ कोटी २० लाख. ग्लासनाउ ट्रेड करून. आणि ओहतानी. फरक इतकाच की आम्ही पैशानं पाच पिचर घेत नाही, दहा घेतो, कारण पाच कायम दवाखान्यात. २०२४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे प्लेऑफमध्ये, यामामोटो, फ्लाहर्टी, ब्यूलर एवढे तिघेच उभे होते, चौथ्या दिवशी बुलपेनमधले सगळे थोडं थोडं टाकायचे. तरी कप घरी.

आणि ऑक्टोबरात रोटेशन-बिटेशन काही नसतं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यामामोटोनं सहावा सामना सुरू केला, ९६ चेंडू टाकले, जिंकला. दुसऱ्याच दिवशी सातव्यात शेवटच्या इनिंगना परत माउंडवर! काकांचे चार दिवस कुठे गेले?

बॉथेलची_आई

बाप रे, एवढं सविस्तर! मुलाला वाचून दाखवलं, तो आता आरशासमोर पाऊल मोजतोय. यामामोटोचं मात्र त्याला सांगितलं नाहीये. काका, २०२४ चं राहिलं की.

किंगडोमकाका

ताई, यामामोटोचं लपवलंत ते बेस्ट केलंत. अर्व्हाइनकर, तो वर्षाचा शेवटचा सामना होता, त्यानंतर अख्खा हिवाळा विश्रांती. एप्रिलमध्ये तसं करून दाखवा.

२०२४ चं दुखणं साधं होतं. पाचांतल्या चौघांनी किमान तीस-तीस स्टार्ट केले, असं भाग्य दहा वर्षांत एकदा मिळतं. आणि आपले बॅटर लीगमध्ये सर्वाधिक स्ट्राइकआउट होत होते. जूनच्या मध्याला दहा सामन्यांची आघाडी होती, ती महिन्याभरात वितळली. ऑगस्टमध्ये मॅनेजर सर्वेसला काढलं. ८५ विजय, प्लेऑफ एका सामन्यानं हुकली. समोरच्याला दोनच रन द्यायचे आणि आपण एक करायचा, याला कुठलं रोटेशन पुरणार? ज्या गार हवेचं मी वर कौतुक केलं, तीच आपल्या बॅटरच्या मुळावर येते, आणि बाहेरचे चांगले बॅटर इथे यायला कुरकुरतात.

गंमत म्हणजे २०२५ मध्ये रोटेशन मोडकंतोडकं होतं. कर्बीचा खांदा मार्चमध्ये, गिल्बर्टचा हात एप्रिलमध्ये, मग मिलरचं कोपर. एमर्सन हॅनकॉक आणि लोगन इव्हान्स यांनी मधले महिने ओढून नेले, तेच ते आचाऱ्याचे वरचे शंभर. वू आणि कास्टिओ तेवढे टिकले. पण आपला कॅचर कॅल रालीनं ६० होमरन मारले आणि २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन आपली झाली. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या पाचव्या सामन्यात पंधरा इनिंग झाल्या, तेव्हा गिल्बर्ट आणि कास्टिओ दोघेही बुलपेनमधून धावत आले होते. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी झोपलं नाही.

अटलांटाच्या ताई, कोचचा मुद्दा मान्य. पण मॅझोनीच्या काळात कोणी प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकत नव्हतं. आज पोरांना पंधराव्या वर्षापासून वेगासाठी पिळतात आणि विशीत कोपराचं ऑपरेशन. वूचंही झालंय, रेचंही. मॅझोनीची पद्धत या हातांवर चालेल का, मला शंका आहे.

अर्व्हाइनकर

काका, सगळं खरं, पण त्याच प्लेऑफमधला, पुढच्या फेरीतला टोरोंटोविरुद्धचा सातवा सामना? कर्बीनं सुरुवात केली, वूनं पाचवी-सहावी काढली, ३-१ नं पुढे होतात. सातव्या इनिंगला दोन माणसं बेसवर आली तेव्हा बदली पिचर बझार्डो आला आणि टोरोंटोच्या स्प्रिंगरनं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. हे रोटेशनचं अपयश की मॅनेजरचं?

किंगडोमकाका

मॅनेजरचं. शेवट सांभाळणारा आपला भरवशाचा पिचर म्युन्योझ बुलपेनमध्ये होता की. पण त्यावर वेगळा धागा काढा, इथे लिहायला बसलो तर ताईंच्या पोराच्या कानावर नको ते शब्द पडतील.