पावतीमागे छापलेली 'आमची जबाबदारी नाही' ही अट ग्राहकाने का मानायची?

सातारकर:
शेजारच्या काकूंनी पैठणी ड्रायक्लीनिंगला दिली. परत आली ती पदरावर वीतभर करपून. जाब विचारल्यावर दुकानदाराने पावती उलटी करून दाखवली. मागे बारीक इंग्रजीत छापलेलं: नुकसान झाल्यास धुलाईच्या पाचपटीपर्यंतच भरपाई. काकूंना इंग्रजी येत नाही, आणि पावती हातात पडली ती साडी देऊन झाल्यावर! स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटका करून घेणारी अशी अट कुणीही मानू नये. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे लाँड्रीने नवी साडी हरवल्याचं असंच प्रकरण आलं होतं. पावतीमागची भरपाईची मर्यादा सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून न्यायालयाने धुडकावली.

इस्त्रीवाला:
माझी लाँड्री आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एका भारी साडीमागे मला दोन-तीनशे रुपये मिळतात. गिऱ्हाईक नंतर सांगतं, चाळीस हजारांची होती. बिल नसतं, जरीकाम आधीच काळवंडलेलं असतं. मर्यादाच नसेल तर आम्ही पैठण्या घेणंच बंद करू. आणि न्यायालयं प्रत्येक अट मोडीत काढत नाहीत. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल बघा, १९९६. कुरिअर उशिरा पोचलं, राज्य ग्राहक आयोगाने चार लाखांवर भरपाई दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कागदावरची १०० डॉलरची मर्यादाच कायम ठेवली.

सातारकर:
अहो, तिथे सही होती, इथे काकूंची सही कुठे आहे? दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचं प्रकरणही वाचा. १९९८ मध्ये पाहुण्याने मारुती झेन लावायला हॉटेलच्या माणसाकडे दिली, ती चोरीला गेली. टोकनवर 'स्वतःच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. वस्तू ताब्यात घेतली की तिची काळजी घेणं आलंच, ते टोकनवर छापून टळत नाही.

वकीलताई:
दोघांनीही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सोडला. त्यात 'अन्यायकारक करार' ही स्वतंत्र व्याख्या आहे: अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, कारण नसताना एकतर्फी करार मोडणं, ग्राहकाला तोट्यात टाकणाऱ्या गैरवाजवी अटी. पण अशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगालाच आहे, जिल्हा आयोगाला नाही. मला हे अजिबात पटत नाही. गडचिरोलीच्या बाईने एका साडीसाठी राज्य आयोगाचं नागपूरचं खंडपीठ गाठायचं का? म्हणून काकूंनी कराराच्या वादात न शिरता 'सेवेतील त्रुटी' म्हणून जिल्हा आयोगात तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावती आणि करपलेल्या पदराचे फोटो जपून ठेवा.

इस्त्रीवाला:
अट मराठीत, काउंटरवर, ठळक लावायला माझी ना नाही. पण साडी देतानाच किंमत लिहून द्यायला आणि जोखमीचे जादा पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार आहे का?

नगरची लेक:
मी तयार आहे, दादा. भारी साडीला पन्नास रुपये जास्त घ्या, पण आधी विचारा. पावतीवर साडीची किंमत आणि आधीचे डाग लिहून माझी सही घ्या. तुमच्या इस्त्रीने करपली तर मात्र पाचपटीची भाषा नको, लिहिलेली पूर्ण किंमत द्या.