तुझी लेकरं, माझी लेकरं : दोन घरं एक झाली असतील तर लिहा

परवा ‘खट्टा मीठा’ पुन्हा पाहिला. बासू चटर्जींचा, १९७८चा. चार पोरांचा बाप अशोक कुमार, तीन लेकरांची आई पर्ल पदमसी, आणि दोघांच्या लग्नानं एकत्र आलेली दोन पारशी घरं. तो ज्या १९६८च्या अमेरिकन सिनेमावरून सुचला, त्यात तर बापाची दहा आणि आईची आठ! तिथं नौदलातला बाप हेन्री फोंडा. गोंधळ नको म्हणून तो लेकरांना नंबर आणि न्हाणीघरांना रंग देतो. खूप हसले आणि मग डोळे भरून आले.

आमचं घरही असंच जुळलेलं. लातूर, २०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तोच उन्हाळा. दादांची, म्हणजे नव्या वडलांची तीन, आईच्या आम्ही दोघी. महिनाभर घरात दोन रांजण होते, ‘आमचा’ आणि ‘तुमचा’. एका रात्री टँकर आला. पाणी घरटी मोजून. टँकरवाल्यानं विचारलं, “घर एक का दोन?” दोन म्हटलं असतं तर दुप्पट मिळालं असतं. चौदा वर्षांचा भाऊ म्हणाला, “एकच हाय.” आई त्याला काहीच बोलली नाही. सकाळी दुसरा रांजण उपडा घातलेला होता.

तुमच्याकडं कसं झालं? सगळं लिहा, कडू असलं तरी.

*

मी किल्लारीकडचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलो होतो, तेव्हा भूकंप झाला, माय आणि धाकटी बहीण गेली. त्यानंतर आमच्या भागात अशी लग्नं खूप झाली, पत्र्याच्या शेडात, वाजंत्री नाही, काही नाही. नवी माय एक लेकरू गमावून, एक घेऊन आली. तो माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. शाळेत गुरुजी हजेरी घेताना थांबले, “सख्खे भाऊ अन् तीन महिन्यांचं अंतर?” आम्ही दोघं एकदमच म्हणालो, “हाव गुरुजी!” वर्गासोबत गुरुजीही हसले. भूकंपानंतर तो वर्ग पहिल्यांदाच हसला असेल.

नव्या मायची नसबंदी झालेली होती. तेव्हा बऱ्याच बायांनी ते ऑपरेशन उलटवून घेतलं, तिनंही घेतलं. बहीण झाली. दोघांची ही एकच, म्हणून आम्हा दोघांचं भांडण कायम, तिला कडेवर कोण घेणार.

*

आमचं गोड नाही. बाप गेल्यावर सावत्र भावानं सातबाऱ्यावर माझं नाव लागू दिलं नाही. भाऊबीजेला मात्र तो येतो आणि मी ओवाळते. का, ते मला सांगता येणार नाही.

*

बीड. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माय वारली आणि बाबा अर्धा कोयता झाले, आगाऊ मिळणारी उचलही अर्धी. लग्न कोयता पुरा करायला झालं, हे मावशी स्वतःच सांगते. (तिला आम्ही मावशीच म्हणतो.) फोंडाच्या नंबरांवरून आठवलं : कारखान्याच्या गर्दीत कुणी हरवू नये म्हणून तिनं एकच लुगडं फाडून सहाही लेकरांच्या मनगटाला चिंध्या बांधल्या होत्या. तिची दोन, आमची चार, चिंधी सगळ्यांना हिरवीच.

आता तिचे गुडघे गेले, ती फडावर जात नाही. दिवाळी झाली की धाकट्याचा ट्रॅक्टर निघतो. त्याच्या लेकरांना चिंध्या अजून तीच बांधते.