मदत हवी आहे: 'तो' नको, 'ती' नको, मग मराठीत बोलायचं कसं?

माझ्या अगदी जवळच्या एका व्यक्तीने मध्यंतरी सांगितलं की आपण पुरुषही नाही आणि बाईही नाही, 'तो' आणि 'ती' दोन्ही कानाला टोचतात. मग काय म्हणू, असं विचारल्यावर हसत उत्तर आलं, "तूच शोध, तुला व्याकरणाचा कीस पाडायला आवडतोच." नाव देत नाही, क्ष म्हणूया. 'असं काही असतं का' यावर चर्चा नको प्लीज, भाषेपुरतीच मदत हवी आहे.

नपुंसकलिंगी 'ते' पहिल्या फटक्यात बाद. 'ते आलं' आपण बाळाला म्हणतो, पिल्लाला म्हणतो. मोठ्या माणसाला म्हटलं की 'आलं ते ध्यान'चा सूर लागतो. (कोकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंग सहज चालतं, म्हणजे हा सगळा सवयीचा मामला. पण आपल्या कानांचं काय करणार?)

नवीन सर्वनाम घडवावं का? स्वीडिशमध्ये 'हेन' रुळलं, २०१५ मध्ये अकादमीच्या शब्दकोशातही आलं. पण त्यांच्या क्रियापदाला लिंग नसतं. आपण कितीही सुंदर शब्द शोधला तरी पुढे 'आला' की 'आली' हे आहेच.

राहता राहिलं आदरार्थी 'ते'. त्यांना, त्यांचं, त्यांनी ही रूपं सगळ्यांना सारखीच, त्यामुळे बरंच काम तिथेच होतं. 'आले' मात्र शेवटी पुल्लिंगीच, 'त्या आल्या' शेजारी ठेवून बघा. क्षना ते चालतंय, म्हणून मीही सध्या तेच वापरते. पण आईला फोनवर म्हटलं, "क्ष येतायत, ते इथेच राहतील," तर पलीकडून प्रश्न, "किती जण?" एकच आहेत म्हटल्यावर, "मग तुझे साहेब का?"

तरी माघारी बोलताना भागतं. खरी गोची समोरासमोर. आमचं कॉलेजपासून तू-तू आहे. आता 'तुम्ही' सुरू केलं तर अबोला धरल्यासारखं वाटेल. आणि 'तू' म्हटलं की क्रियापद चुगली करतंच: आलास की आलीस? दमतोस की दमतेस?

सध्या वाक्यं वळवून घेते. भविष्यकाळ निर्धोक आहे: येशील का, कधी निघणार आहेस. सकर्मक भूतकाळही चालतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: पुस्तक वाचलंस का, चावी कुठे ठेवलीस. 'कधी आलास' ऐवजी 'येऊन किती वेळ झाला'. हाक मारायला अरे-अगंच्या जागी नुसतं 'ए'. मेसेजमध्ये हे मस्त जमतं. पण भरभर बोलताना, त्यातून चिडल्यावर, 'इतका वेळ कुठे होतास' हे कसं वळवायचं? 'इतका वेळ कुठे असणं झालं' म्हटलं तर भांडणातली हवाच जाते.

स्वतः क्ष काय बोलतात याकडेही लक्ष दिलं. कधी 'जातो', कधी 'जाते', बहुतेक वेळा 'निघायला हवं'. म्हणजे तिथेही पळवाटाच.

तर ज्यांच्या घरात किंवा मित्रमंडळात असं कोणी आहे, किंवा जे स्वतः असे आहेत, त्यांच्या तोंडात प्रत्यक्षात काय बसलंय? माघारी 'ते' आणि तोंडावर 'तू' ही सरमिसळ कोणी करतं का? 'तू आलेस' असं बोलून पाहिलंय का कोणी? मला ते अर्धं 'तुम्ही' वाटतं, पण सवयीने कान तयार होत असेल तर माझी तयारी आहे.

आणि ओळख कशी करून द्यायची? पुढच्या आठवड्यात क्ष घरी येतायत. 'हा माझा मित्र' नाही, 'ही माझी मैत्रीण' नाही. आदराने 'हे क्ष' म्हणावं, तर आमच्या आईच्या लेखी 'हे' म्हणजे नवरा.