अनुभव धागा: लक्ष आणि स्पर्श

स्पर्शाशी रोज संबंध येणाऱ्यांसाठी हा धागा. लक्ष कुठे आहे यावर तुमच्या कामात नेमकं काय बदलतं ते लिहा. आपल्या कहाण्या नकोत. रीत हवी आणि ती का फसते तेही.

मधुमेही पाय तपासणी
10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा) आधी रुग्णाच्या हाताला टेकवून दाखवा, म्हणजे पायावर काय शोधायचं ते कळतं. मग डोळे मिटायला सांगा. दोरा काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंद. घट्टा पडलाय तिथे नको. खरी गफलत प्रश्नात होते. टेकवायचं आणि लगेच "लागलं का?" विचारायचं, असं ठरावीक तालात केलं की बधिर पायही "हो" म्हणतो. म्हणून प्रत्येक जागी तीनदा विचारा आणि त्यातल्या एका वेळी दोरा टेकवूच नका. एकाच दिवसात फार वापरलेला दोरा मऊ पडतो, हेही ध्यानात असू द्या.

वरच्याला पुस्ती
खोटं "हो" मुद्दाम दिलेलं नसतं. हात मांडीवर स्थिर ठेवून एकाच बोटाच्या टोकाकडे थोडा वेळ लक्ष लावा. काहीही न लागता अनेकांना तिथे मुंग्या किंवा ऊब जाणवते.

कुष्ठरोग तपासणी
बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करा. तोंडी होकार घेऊ नका. डोळे मिटून त्याच जागी बोट ठेवायला सांगा. चट्टा आणि शेजारची चांगली त्वचा, क्रम बदलत राहा.

हाताची फिजिओथेरपी
शिवलेली नस (मज्जातंतू) दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापाशी तुटली तर बोटांच्या टोकांना महिने लागतात. शिवाय तंतू जुन्या जागी तंतोतंत पोचत नाहीत, त्यामुळे मेंदूला ओळख नव्याने करावी लागते. तळहातावर स्पर्श कळू लागला की पेन्सिलीच्या मागचं रबर ओढा: आधी बघत, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघत. सोबत मनात म्हणायचं, "अनामिकेखाली आहे, बोटाकडे सरकतंय." दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. टीव्ही बंद. सलग तासभर केल्यास लक्ष थकतं आणि हात नुसता घासला जातो. मला तर ते न केल्यासारखंच वाटतं. पुढच्या टप्प्यात नाणं, किल्ली, बटण तांदळात लपवून डोळे मिटून शोधायचं. संवेदना पुरती येईपर्यंत गरम भांडं त्या हाताने जोखू नका, भाजलेलं कळत नाही.

ब्रेल शिकवणारी
टिंबांतलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर, उंची जेमतेम अर्धा. अक्षर लागलं नाही की नवशिके बोट दाबतात. दाबलं की त्वचा चपटी होते आणि टिंबं आणखी मिसळतात. बोट हलकं ठेवून डावीकडून उजवीकडे सरकू द्या. सरकण्यातूनच टिंबं उठून कळतात. लक्ष एकेक टिंब मोजण्यात नको, पूर्ण आकारात हवं. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी: भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) 'कि'ची वेलांटी क नंतर येते. मन तिला आधी शोधत राहिलं, तर बोटाखालचा क सुद्धा चुकीचा वाचला जातो.

लसीकरण
लहानग्यांना साबणाचे फुगे फुंकायला द्या, पण सुई दिसण्याआधीच. नंतर लक्ष तिच्यावरून हलत नाही. मोठ्यांना टोचतानाच खोकायला सांगा. "दुखणार नाही" असं मात्र म्हणू नका. त्यातला "दुखणार" एवढाच ऐकू येतो, आणि पुढच्या डोसला विश्वास उरत नाही.