लॉकडाऊनमध्ये घरून वाजवलेला डीजे सेट: तुमचे अनुभव लिहा

२०२० च्या शिमग्याला मुंबईहून गुहागरला आलो आणि २४ मार्चच्या रात्री सगळं बंद झालं, परत जायचा प्रश्नच मिटला. डीजेचा कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं यंत्र, सोबत होता म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी पडवीत टेबल मांडून मेलोडिक हाऊसचा, म्हणजे सुरेल इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा, दीड तासाचा सेट ऑनलाईन लाईव्ह केला, १२२ बीपीएमच्या (मिनिटाला १२२ ठोके) आसपास, सगळे लांब लांब ब्लेंड, म्हणजे एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळत जायचा. ह्या म्युझिकला घाई चालतच नाही, एका ट्रॅकचा बेस हळूहळू काढत दुसऱ्याचा आत सोडायचा, दोन्ही बेस एकत्र राहिले की आवाज गढूळ होतो आणि सूर जुळत नसतील तर दोन मिनिटं नुसती कानाला टोचतात. नेमका असा ब्लेंड चालू असताना लाईट गेली. राउटर बंद, स्पीकर बंद, पण कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा, त्यामुळे हेडफोनमध्ये सगळं चालूच. मी थांबलो नाही, अंधारात वाजवत राहिलो, एक कान उघडा ठेवून, त्यात समुद्राची गाज. मग हॉटस्पॉट लावून परत लाईव्ह आलो तर ऐकणाऱ्या पंधरापैकी अकरा जण परत आले! त्या अकरा जणांना मी विसरणार नाही. तुम्ही वाजवलं असेल, ऐकलं असेल, लिहा.

रत्नागिरीहून: तेव्हा आमचा हापूसचा सीझन, वाशीला माल जाईल की नाही ह्याचा भरवसा नाही. रात्री मित्राचा सेट फोनवर लावून पेट्या भरायचो, पेंढा, आंबा, पेंढा, आंबा, हात आपोआप बीटवर यायचे. बाबांनी पेट्या मोजल्या आणि म्हणाले उद्यापण लाव.

मालवण: आजी शेजारी बसून अर्धा तास मन लावून ऐकत होती, मग म्हणाली, "ह्यां गाणां कधी सुरू होतला?" पण उठली नाही हां, शेवटपर्यंत बसली.

अलिबागवरून: मी लग्नात वाजवतो. त्या वर्षी लग्नसराई पूर्ण गेली, अ‍ॅडव्हान्स परत केले. घरून एकदाच लाईव्ह केलं. हॉलमध्ये किक (ड्रमचा जड ठोका) परत आली की त्याच क्षणाला हात वर जातात, इथे स्क्रीनवर हार्ट यायचे ते वीसेक सेकंदांनी, तोवर मी पुढे गेलेलो असायचो. समोर माणसं नसली की कधी बदलायचं तेच कळत नाही. खूप एकटं वाटलं.

श्रीवर्धन: ३ जूनला निसर्ग वादळ आलं, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या, कौलं उडालेली, लाईट कित्येक दिवस नाही. फोन गाडीत चार्ज करायचो, त्यात भावाने मे महिन्यात वाजवलेला सेट डाउनलोड केलेला होता, तेवढा एकच. संध्याकाळी गाडीचे दरवाजे उघडे टाकून दहा मिनिटं लावायचो, बॅटरी जपून, आणि उभ्या राहिलेल्या माडांकडे बघत बसायचो, कोणी बोलायचं नाही. लाईट आली त्या दिवशी भावाला पहिला फोन केला, म्हटलं आता नवीन वाजव.